दिवस आधी, महिना नंतर

दर महिन्याच्या अखेरीला मी एक फाइल पाठवते,
बेलापूरहून, चौथ्या मजल्यावरून.
खिडकी उघडत नाही,
तरी वारा फिरला की दिवाळ्याच्या बंदराचा वास
एसीच्या फटीतून आत येतोच.

फाइलीत माणसं असतात, आडवी,
एका ओळीत एक:
नाव, जन्मतारीख, शिकायला किती घेतलं,
फेड कधीपासून,
आणि शेवटी थकलेले दिवस.
चेहरा नाही. तो रकानाच नाही.

चौदा ऑगस्टला वृंदाली केणी आली.
प्लास्टिकच्या पिशवीत कॉलेजचं पत्र.
मागे तिची आई, बाजारातून तशीच उठून आलेली,
मनगटावर दोन खवले चिकटलेले.
"माजी पोर हप्ता चुकवनारी नाय,"
मी काही विचारायच्या आधीच.

मी ओळ उघडली.
एकशे सत्तावीस दिवस थकीत.

"अजून सुरूच व्हायचंय, मॅडम.
चार सप्टेंबरपासून.
भावाच्या कर्जाला मी सहअर्जदार,
त्याचा अर्ज परत आला.
कारण विचारलं तर म्हणाले, तुमच्यामुळे."
रेडिओग्राफी शिकलेली मुलगी.
तो शेवटचा शब्द तिने असा म्हटला
जसं रुग्णाला सांगतात, श्वास धरा.

०४/०९.
आमच्या कागदावर चार सप्टेंबर.
नव्या यंत्रणेने वाचलं, नऊ एप्रिल.
कुणी खोटं बोललं नव्हतं.
दिवस महिन्याच्या खुर्चीत जाऊन बसला
आणि कुणी त्याला ऊठ म्हणालं नाही.
मीही नाही. फाइलीखाली सही माझी.

आई म्हणाली, "वाट्यात एक बोंबील कमी पडला
तर गिऱ्हाईक तितंच बोलतं.
तुमच्याकडं बोलायचं कुनाला?"
मी त्यांना पाणी दिलं. उत्तर नव्हतं.

त्या संध्याकाळी थांबले, एकेक तारीख उलटून पाहत.
दुष्काळात तेरावा महिना म्हणतात,
पण यंत्राला तेरावा महिना ठाऊकच नव्हता,
म्हणून तेरा तारखेपासून पुढचे सगळे वाचले.
सात जुलैवाले दोघे
उलटे वाचा, सुलटे वाचा, तेच.
उरले एकेचाळीस.

त्यांतला एक सलील कोठेकर, ऐरोलीचा.
अकरा फेब्रुवारीपासून देणं लागणारा,
यंत्राच्या लेखी दोन नोव्हेंबर.
सहा महिने एक रुपया नाही
आणि आमच्या फाइलीत धुतल्या तांदळासारखा.
एप्रिलात वाशीच्या शाखेने त्याला स्कूटरसाठी आणखी दिले,
आमचेच पैसे, आमच्याच आंधळेपणावर.

मी फोन लावला. तो चिडला नाही.
म्हणाला, नोकरी मे महिन्यात गेली.
तुम्ही विचारलं असतं तर हप्ता लहान करून मागितला असता.
वाटलं, विसरलात. आधी बरं वाटलं.
मग झोप लागेना.

एकेचाळीस दुरुस्त्या पाठवल्या.
तीन परत आल्या, पुन्हा पाठवल्या.
वृंदालीची ओळ एकोणतीस ऑगस्टला सुधारली.
भावाच्या प्रवेशाची मुदत सत्तावीसला होती.
मी शिक्का मारून पत्र दिलं होतं,
ते तिकडे कुणी वाचलं का, मला कळलं नाही.
विचारायचा धीर झाला नाही, हे जास्त खरं.

चार सप्टेंबरला, सकाळी नऊ चाळीसला,
तीन हजार आठशे चाळीस रुपये जमा.
हप्ता पहिला. थकलेले दिवस: शून्य.
मी ती ओळ बंद करून पुन्हा उघडली.
शून्य होतं.

हल्ली मी महिना अक्षरांत लिहिते.
चेकवर, रजेच्या अर्जावर,
घरी दुधाच्या हिशेबाच्या वहीतही.
नवरा हसतो.
"एवढी शाई?"
हो म्हणते, आणि
सप्टेंबरच्या बवरचा अनुस्वार
जरा दाबून देते.